मिरजेचे डॉक्टर वानलेस

पिंपरी येथील संत तुकाराम नगरात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय ही दोन मोठी स्थाने आहेत. आसपासच्या खेड्यांतून पुष्कळ लोक आपल्या आजाऱ्यास घेऊन तेथे जातात. खाटेजवळ येऊन विचारपूस करणारा तरुण पुष्कळदा अजून विद्यार्थीच असतो. तेव्हा घरच्या माणसांच्या मनात शंका येते की, आमचा आजारी हा ह्या मुलांच्या शिक्षणाचे केवळ साधन तर नव्हे ना? ही शंका वावगी नाही. तिचे उत्तर आम्हांस एका जुन्या सेवकाच्या चरित्रात सापडते. म्हणून ते आमच्या वाचकांपुढे ठेवितो.

विल्यम जेम्स वानलेस ह्यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण संपवून १८८९ साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने पत्नी मेरीबाई ह्यांच्यासह हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस त्यांनी लहानसा दवाखाना चालविला. पुढे ते मिरजेस गेले व १८९४ साली तेथे इस्पितळ उघडले. त्या काळी शस्त्रक्रियेचे नाव काढताच लोक भीत असत. परंतु मोतीबिंदूने अंध झालेली माणसे दुसऱ्याचा हात धरून येत आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाट पाहत घरी परतत. हे पाहून लोकांचे भय ओसरले व दूरदूरचे आजारी आगगाडीने मिरजेस येऊ लागले.

तथापि एका माणसाचे हात किती जणांस पुरणार? हे जाणून १८९७ साली वानलेस साहेबांनी तेथे वैद्यकीय शाळा काढिली व देशी ख्रिस्ती तरुणांस शिकविण्यास आरंभ केला. ह्या शाळेचा खरा वर्ग म्हणजे इस्पितळ. जखम धुणे, पट्टी बांधणे, औषध देणे, शस्त्रक्रियेच्या वेळी गुरूच्या हाताशी उभे राहणे, ह्यांतून विद्या येत असे. शिकून बाहेर पडलेले तरुण ठिकठिकाणच्या मिशन इस्पितळांत सेवेस लागले.

आजचे शिक्षणशास्त्रज्ञ ह्या रीतीस सेवेतून शिक्षण म्हणतात आणि तिला काही अटी घालतात. ज्याची सेवा करावयाची त्याची खरी गरज भागली पाहिजे. विद्यार्थ्याने आपण काय केले व का केले ह्याचा विचार गुरूजवळ बसून केला पाहिजे. आणि सेवा घेणाऱ्याकडूनही आपण काही घेत आहो, हे त्याने ओळखिले पाहिजे. ह्या अटी सुटल्या तर गरिबाचे दुखणे हा नुसता धडा होतो. त्या पाळिल्या तर आजारी बरा होतो आणि शिकणारा माणूस होतो.

वानलेस साहेबांनी हे स्वतः आचरून दाखविले. महारोग्यांसाठी त्यांनी आश्रयस्थान उभारिले. मिरजेजवळ क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. त्या जागेस आज वानलेसवाडी म्हणतात. १९०६ साली मेरीबाई निवर्तल्या, तरी त्यांनी हा देश सोडिला नाही. कोल्हापूरचे मिशन इस्पितळ त्या बाईंच्या नावाने ओळखले जाते. १९२८ साली ते सेवानिवृत्त झाले व १९३३ साली अमेरिकेत प्रभूच्या विसाव्यात गेले. पुढे १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांसही ह्याच मिशन इस्पितळात शिक्षण मिळू लागले.

आता राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने असे ठरविले आहे की, वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची वारंवार विचारपूस करावी. तेव्हा असा एखादा मुलगा किंवा मुलगी आमच्या वाचकांच्या दारीही येईल. त्यांस घरात बसवावे. आपले दुखणे न लपविता सांगावे. मोठ्या डॉक्टरांस दाखविले काय, असे निःसंकोच विचारावे. तो आजाऱ्याचा हक्कच आहे. ज्यांची स्वतःची मुले महाविद्यालयात शिकत आहेत, त्यांनी मुलांस हे सांगावे की, परीक्षेचे गुण देणारा गुरू एक आणि खाटेवर पडलेला गुरू दुसरा. दोघांचाही मान राखावा.

आपल्या प्रभूने कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले व त्यांस तसेच करावयास शिकविले. मिरजेची शाळा त्याच धड्यावर चालली. आमच्या मंडळ्यांतील तरुणांस तो धडा गिरविण्याची कृपा देव देवो.