रेव्हरंड टिळक : संशय आणि श्रद्धा

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे चरित्र सामान्यतः दोन भागांत सांगितले जाते : धर्मांतरापूर्वीचे अस्वस्थ, भटके टिळक आणि धर्मांतरानंतरचे निश्चिंत भक्तकवी. ही विभागणी अध्यापनास सोयीची असली, तरी वस्तुस्थितीशी जुळणारी नाही. ख्रिस्तावरील श्रद्धेने टिळकांचा संशय संपला नाही. त्या संशयाला वाटाड्या मिळाला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या टिळकांची वृत्ती आरंभापासूनच एका जागी स्थिरावणारी नव्हती. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावे बदलली. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयीच्या शंकांनी त्यांना ग्रासले होते. परंतु जुने टाकून नवे काय स्वीकारावे, याचे उत्तर सापडत नव्हते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावरून त्यांचे बोलणे सुरू झाले. त्याने बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत टिळक ख्रिस्ती होतील, असे भाकीतही केले. भाकीत खरे ठरले, म्हणून चरित्रकार या प्रसंगात रमतात. परंतु त्याहून महत्त्वाचे ते पुढचे संथ, चिकित्सक वाचन. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. तेथे त्यांना सिद्धान्त भेटला नाही, व्यक्ती भेटली. तिच्यामागून जाणे त्यांना शक्य वाटले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनीही मोजली. काही वर्षांचा वियोग, नातलगांचा दुःखावेग, अनिश्चित भवितव्य हे सारे त्यांच्या वाट्याला आले. पुढे त्या तेव्हाच्या अहमदनगरात पतीजवळ आल्या, तरी आरंभी आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. त्यांची जातीची बंधने क्रमाक्रमाने गळून पडली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते ते असे की, टिळकांना झालेला साक्षात्कार लक्ष्मीबाईंना उसना घेता आला नाही. त्यांना आपली वाट स्वतःच चालावी लागली.

टिळकांची ख्रिस्तविषयक भाषा मिशनच्या अनुवादित पद्यातून आलेली नाही. तुकोबांच्या अभंगाने त्यांना ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या भजनांतील ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. आपल्या अभ्यासक्रमांत 'फुलामुलांचे कवी' एवढीच त्यांची ओळख उरावी, हे खेदजनक होय. फुलापाशी नतमस्तक होणारी आणि ख्रिस्तापाशी शरण जाणारी वृत्ती एकच आहे.

१९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. प्रतिष्ठा होती, वेतन होते. तथापि ख्रिस्त या भूमीत परकीय वेषात का वावरतो, हा प्रश्न त्यांना सोडीना. अखेर १९१७ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही तेथे स्थान होते. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी १८९५ मध्ये आप्तांचे घर सोडले, तिच्याच आधाराने त्यांनी आता मिशनचे छत्रही सोडले.

दरबाराला स्थिर रूप येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.