नथॅनिएल डेट व हॅम्प्टनचा गायकवृंद

अमेरिकेंत गुलामगिरी होती त्या काळीं मळ्यांतून पळून निघालेलीं कित्येक कुटुंबें कॅनडांत आश्रय घेत. नायगारा धबधब्याजवळील ड्रमंडव्हिल गांवींही अशा लोकांची वस्ती होती. तेथें ता. ११ ऑक्टोबर १८८२ रोजीं रॉबर्ट नथॅनिएल डेट यांचा जन्म झाला. त्यांची आजी मळ्यांतलीं जुनीं भक्तिगीतें घरांत गात असे. पण लहानपणीं नातवाला त्यांची थोरवी कळली नाहीं. पुढें ओबर्लिनच्या महाविद्यालयांत शिकत असतां एका मैफलींत बोहेमियाचे संगीतकार ड्वोर्झाक यांची एक संथ रचना त्यांच्या कानीं पडली आणि एकाएकीं त्यांना दिवंगत आजीचा स्वर आठवला. त्या क्षणीं त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

१९०८ सालीं पदवी घेऊन, कांहीं वर्षें इतरत्र शिकवून, १९१३ सालीं ते व्हर्जिनियांतील हॅम्प्टन येथें आले. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठीं मिशनच्या साह्यानें १८६८ सालीं निघालेली ही संस्था आज विद्यापीठ आहे. त्या काळीं रंगभूमीवर हीं गीतें थट्टेखातर गाइलीं जात. उलट कित्येक सुशिक्षित कृष्णवर्णीयांना तीं दास्याची खूण वाटून त्यांची लाज वाटे. डेट यांना दोन्ही गोष्टी अमान्य होत्या. गीताचा मूळ स्वर राखून त्यांनीं त्यास युरोपांतील मोठ्या समूहगानांचें रूप दिलें. वाद्याच्या आधारावांचून अनेक स्वर एकत्र राखणें किती कठीण, हें आमच्या नाताळच्या तालमींस येणाऱ्या मुलांना सांगावयास नको! हॅम्प्टनच्या विद्यार्थ्यांनीं तें साधलें. १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें व १९३० सालीं इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी इत्यादि देशांत त्यांचें गायन झालें. डेट स्वतः मात्र शिकतच राहिले. शेहेचाळिसावें वर्ष उलटल्यावरही ते फ्रान्सला जाऊन नादिया बूलांझे या विदुषीपाशीं विद्यार्थी म्हणून बसले.

एवढें होऊनही १९३२ सालीं त्यांना हॅम्प्टन सोडावें लागलें.

निर्गमाच्या कथेवर त्यांनीं एक मोठें समूहगान रचलें होतें. इस्राएल लोकांच्या दास्यमुक्तीची ही कथा गुलामांना आपलीच वाटे, आणि म्हणून त्यांचेंच एक गीत या रचनेच्या गाभ्याशीं आहे. ता. ७ मे १९३७ रोजीं सिनसिनाटी येथें तें प्रथम गाइलें गेलें व आकाशवाणीवरून देशभर ऐकविलें जात होतें. पण मध्येंच प्रक्षेपण थांबलें. वेळेची अडचण असें कारण सांगण्यांत आलें. कृष्णवर्णीय रचनाकारास इतका मान मिळतो हें कांहीं श्रोत्यांस खपलें नसावें, असा संशय पुष्कळांनीं घेतला आहे, व तो मला अगदींच निराधार वाटत नाहीं. सभागृहांतील गायन मात्र शेवटपर्यंत चाललें.

त्याच वर्षीं ते बेनेट कॉलेजांत शिकवूं लागले. पुढें महायुद्धाच्या काळांत सैनिकांसाठीं गाणाऱ्या स्त्रियांच्या एका वृंदाबरोबर असतां ता. २ ऑक्टोबर १९४३ रोजीं बॅटल क्रीक येथें हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. त्यांचा देह नायगाराकांठच्या जन्मगांवीं पुरला आहे. १९३७ सालीं अर्ध्यावर तुटलेलें तें समूहगान २०१४ सालीं सिनसिनाटीच्याच गायकवृंदानें कार्नेगी हॉलमध्यें गाइलें, आणि या वेळीं आकाशवाणीच्या श्रोत्यांनाही तें शेवटपर्यंत ऐकावयास मिळालें.