मेघनाद साहा : दारे ठोठावणारा संशोधक

एम.एस्सी. झालेली आपली मुले पीएच.डी.चा अर्ज भरतानाच कचरतात. ओळख नाही, गाइड मिळणार नाही, पैसा कुठून आणायचा, असे प्रश्न ती करतात. या मुलांनी डॉ. मेघनाद साहा यांचे चरित्र वाचावे, असे आम्हांला वाटते.

साहा यांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या शेवडातली गावी झाला. वडील किराणा दुकानदार. जात शूद्र गणलेली. गावाबाहेरच्या शाळेत शिकता यावे म्हणून एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले. ढाक्याच्या सरकारी शाळेत गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकला म्हणून १९०५ मध्ये शाळा सुटली, शिष्यवृत्तीही गेली. पुढे कलकत्त्याच्या हिंदू वसतिगृहात सवर्ण मुलांच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. विद्येच्या माहेरघरीही जात आधी पोहोचते, ती अशी!

१९१५ मध्ये ते एम.एस्सी. झाले. सरकारी वित्त सेवेच्या परीक्षेला बसायचे होते. पण क्रांतिकारकांशी संबंधाच्या संशयावरून परवानगी नाकारली गेली. शिकवण्या करून घर चालवावे लागले. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली. तिथे हाताला धरून संशोधन शिकवणारा कोणी नव्हता. पदवी गणिताची असताना ते भौतिकशास्त्र स्वतः वाचत व लगेच वर्गात शिकवत. अमेरिकेतल्या नियतकालिकाकडे पाठवलेला मोठा निबंध छापायचा तर खर्च लेखकाने द्यावा, असे उत्तर आले. पैसे नव्हते. मग तो निबंध त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या पत्रिकेत छापला. थांबले मात्र नाहीत.

१९१९ मध्ये ते डी.एस्सी. झाले. त्याच वर्षी ताऱ्यांच्या वर्णपटांवरील प्रबंधाला प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. ही देणगी मुंबईच्या एका व्यापाऱ्याची! दुसरी शिष्यवृत्तीही मिळाली आणि युरोपचा खर्च निघाला. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सुमारे पाच महिने काम केले, नंतर बर्लिनला नर्न्स्ट यांच्याकडे गेले. ताऱ्याचे तापमान व दाब यांवरून त्यातले किती अणू आयनित होतात हे सांगणारे त्यांचे समीकरण १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. आजही खगोलशास्त्र त्यावाचून चालत नाही. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत निधन पावले.

या चरित्राचा बोध काय? साहांना एकेक दार स्वतः शोधावे लागले. आज नेट-जेआरएफ आहे, २००५-०६ पासून अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे. जाहिरात वाचा, मुदत पाळा, जात प्रमाणपत्र व वैधता आधीच तयार ठेवा. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचे त्याचे निबंध वाचून मगच त्याला पत्र लिहा. नकार आला तर कारण लेखी मागा. अर्जच केला नाही, तर न्याय मागायला आम्हा वकिलांच्या हाती कागद तरी कोणता?