मॅमीचे खरे नाव

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि मला हॅटी मॅक्डॅनियल यांची आठवण झाली. कॉलेजात असताना 'गॉन विथ द विंड' हा अमेरिकन बोलपट मी मैत्रिणींबरोबर पाहिला होता. नायिकेचा हिरवा मखमली झगा आम्हांला कितीतरी दिवस पुरला. पण तिला रागे भरणाऱ्या आणि तिच्यासाठी झटणाऱ्या मॅमीचे काम कोणी केले, हे आम्ही विचारलेसुद्धा नाही.

हॅटीबाईंचा जन्म 1893 साली कॅन्ससमधील विचिटा येथे झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. 13 भावंडांत या सर्वांत धाकट्या. गाणी, नकला आणि नाटके यांवर त्यांनी पोट भरले. 1929 च्या मंदीत तेही सुटले, तेव्हा मिल्वॉकीच्या एका क्लबात बायकांच्या प्रसाधनगृहात चाकरी पत्करली. तेथेच पुढे गाण्याची संधी मिळाली. 1931 मध्ये त्या लॉस एंजेलिसला आल्या. काम नसे तेव्हा त्या लोकांकडे मोलकरीण म्हणून राहत. आणि चित्रपटात काम मिळे, तेही बहुधा मोलकरणीचेच!

डिसेंबर 1939 मध्ये अटलांटा येथे बोलपटाचा पहिला खेळ झाला. तेथील वर्णभेदामुळे हॅटीबाईंना त्याला जाता आले नाही. 29 फेब्रुवारी 1940 रोजी त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय कलावंत. परंतु समारंभाच्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्मात्याने रदबदली केली म्हणून प्रवेश मिळाला, तोही भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलापुरता.

मोलकरणीच्याच भूमिका घेतात म्हणून स्वकीयांनीही त्यांना दोष दिला. पण बाई भित्र्या नव्हत्या. गोऱ्या शेजाऱ्यांनी त्यांना व इतर कृष्णवर्णीयांना घरांतून काढण्यासाठी दावा लावला, तेव्हा सर्वजण मिळून लढले व 1945 मध्ये जिंकले.

26 ऑक्टोबर 1952 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावा मिळावा, ही शेवटची इच्छाही त्यांच्या वर्णामुळे नाकारली गेली. तेथे त्यांचे स्मारक उभे राहिले ते 1999 मध्ये! हॉवर्ड विद्यापीठाला त्यांनी दिलेले ऑस्कर हरवले होते. 2023 मध्ये विद्यापीठाला दुसरे देण्यात आले.

हे लिहिताना मला आपला गेल्या वर्षीचा वर्धापनदिन आठवला. स्वयंपाक करणाऱ्या व भांडी घासणाऱ्या बायका सर्वांच्या मागून, मागच्या पडवीत जेवल्या. वाढायला मीही होते, पण मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांच्यापैकी एकीचेही पूर्ण नाव मला ठाऊक नव्हते. यंदा त्यांची पाने आपल्याच पंगतीत मांडावीत, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे. नावे मी विचारून ठेवली आहेत.