मुलासाठी सतरा वर्षं प्रार्थना करणारी आई : संत मोनिका

जुन्या गोव्याला गेलेल्या बहुतेकांच्या मोबाईलमध्ये एका पडक्या मनोऱ्याचा फोटो असतोच. जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंच. हा संत ऑगस्टीनच्या चर्चचा उरलेला मनोरा. तिथून हाकेच्या अंतरावर एक भली मोठी तीन मजली वास्तू आहे, सांता मोनिका कॉन्व्हेंट. १६०६ साली ती जोगिणींसाठी बांधायला घेतली होती. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

शेजारीशेजारी असलेली ही दोन नावं आई आणि मुलाची आहेत, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

मोनिकाचा जन्म साधारण इसवी सन ३३१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावात झाला. आजच्या अल्जीरियातलं हे गाव तेव्हा रोमन साम्राज्यात होतं. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मोनिकाचं लग्न पॅट्रिशियस नावाच्या माणसाशी झालं. तो ख्रिस्ती नव्हता. स्वभावाने तापट होता आणि बायकोशी एकनिष्ठही नव्हता. त्यात घरातल्या दासींनी कान भरल्यामुळे सासूही सुरुवातीला तिच्यावर नाराज असायची.

मोनिका नवऱ्याशी वाद घालायची नाही. तो शांत झाला की आपलं म्हणणं मांडायची. हळूहळू सासूचं मन वळलं. पुढे आयुष्याच्या शेवटी शेवटी पॅट्रिशियसही ख्रिस्ती झाला.

पण तिची खरी कसोटी पाहिली ती मुलाने.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ सालचा. पोरगा विलक्षण हुशार. घरची परिस्थिती बेताची असूनही आईवडिलांनी त्याला शिकायला कार्थेज या मोठ्या शहरात पाठवलं. तिथे तो लग्न न करता एका स्त्रीबरोबर राहू लागला. त्यांना अडिओडेटस नावाचा मुलगाही झाला. पाठोपाठ ऑगस्टीन मानी पंथात सामील झाला. जग म्हणजे प्रकाश आणि अंधार या दोन शक्तींची लढाई, असं हा पंथ मानायचा.

आईच्या श्रद्धेची तो टिंगल करू लागला, तेव्हा मोनिकाने त्याला घरात घ्यायलाच नकार दिला. मग तिला एक स्वप्न पडलं. ती जिथे उभी आहे, तिथेच तिचा मुलगाही उभा आहे, असं त्यात दिसलं. त्या आशेवर तिने दार पुन्हा उघडलं.

ती एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाला समजवा म्हणून मागे लागली. बिशप स्वतः एकेकाळी मानी पंथात वाढलेले. त्यांनी वाद घालायला नकार दिला. त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे, तू फक्त प्रार्थना करत राहा, असा त्यांचा सल्ला होता. ती हटेना, तेव्हा ते काहीसे वैतागले आणि इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं.

३८३ मध्ये ऑगस्टीनने रोमला जायचं ठरवलं. आई सोडेना. मित्राला निरोप द्यायचाय असं खोटं सांगून त्याने तिला किनाऱ्यावर थांबवलं. त्या रात्री ती जवळच्याच संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळात मुलाने जाऊ नये म्हणून प्रार्थना करत होती. सकाळी पाहते तर जहाज निघून गेलेलं!

गंमत म्हणजे, तिला नको असलेल्या याच प्रवासाने पुढे सगळं बदललं. रोमहून ऑगस्टीन मिलानला प्राध्यापक म्हणून गेला. तिथे बिशप अँब्रोज यांची प्रवचनं ऐकून त्याचे अनेक आक्षेप गळून पडले. मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला पोचली.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. मुलाचं चांगल्या घरात लग्न व्हावं म्हणून तिने खटपट केली. त्यापायी ऑगस्टीनच्या मुलाच्या आईला आफ्रिकेत परत जावं लागलं, मुलाला मागे ठेवून. तिचं नावसुद्धा इतिहासात उरलेलं नाही. आणि जमवलेलं ते लग्न शेवटी झालंच नाही.

३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत ऑगस्टीनच्या मनाची घालमेल संपली. त्याने ख्रिस्ती जीवन स्वीकारायचं ठरवलं आणि आत जाऊन आईला ते सांगितलं. ३८७ च्या ईस्टरला त्याचा आणि अडिओडेटसचा एकत्र बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीन कार्थेजला गेल्यापासून मोजलं तर सोळा-सतरा वर्षं उलटली होती.

घरी परतण्यासाठी सगळे रोमजवळच्या ओस्तिया बंदरावर आले. तिथे मोनिकाला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. वय ५६. नवऱ्याशेजारी पुरलं जावं म्हणून तिने गावी जागा राखून ठेवली होती. पण शेवटी तिने मुलांना सांगितलं, की देह कुठेही ठेवा, फक्त प्रार्थनेत माझी आठवण असू द्या.

ऑगस्टीन पुढे हिप्पो शहराचा बिशप झाला. ४३० मध्ये मरेपर्यंत तो लिहीत राहिला आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारांचा एक मोठा पाया त्याने घातला. मोनिकाने स्वतः लिहिलेलं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. तिच्याबद्दल जे कळतं ते जवळपास सगळं मुलाच्याच लिखाणातून, मुख्यतः त्याच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनातून. आईला फसवून जहाजात बसल्याची गोष्टही त्यानेच लिहून ठेवली आहे.

कॅथलिक चर्चमध्ये २७ ऑगस्ट हा मोनिकाचा सण असतो आणि २८ ऑगस्ट ऑगस्टीनचा. गोव्यातल्या त्या टेकडीसारखीच कॅलेंडरमध्येही ही मायलेकरं शेजारीशेजारी आहेत.