आर्देशीर कर्सेटजी वाडिया

कतारगामला लागूनच, तापीच्या काठी सिंगणपोर आहे. आज ते सुरत शहरात सामावून गेले असले, तरी भारतीय नौकाबांधणीच्या इतिहासात या गावाचे स्थान मोठे आहे. येथील लवजी नसरवानजी हे कुशल सुतार 1736 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस गेले आणि वाडिया घराण्याच्या गोदीतील कारकिर्दीस प्रारंभ झाला. सागवानी जहाजांसाठी ख्याती पावलेल्या या घराण्यात 6 ऑक्टोबर 1808 रोजी आर्देशीर कर्सेटजी यांचा जन्म झाला.

वयाच्या चौदाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली गोदीत दाखल झाले. परंतु त्यांचे मन लाकडापेक्षा वाफेच्या यंत्रात अधिक रमले. 1833 मध्ये त्यांनी ‘इंडस’ हे लहान जहाज बांधून त्यात विलायतेहून मागविलेले बाष्पयंत्र बसविले. पुढच्याच वर्षी माझगाव येथील आपला बंगला व बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली. मुंबईने असा प्रकाश पूर्वी पाहिला नव्हता.

त्या काळी वाफेला रस्त्यावर चालविण्याचे प्रयत्नही युरोपात सुरू होते. फ्रान्समध्ये क्युन्यो याने 1769 साली व इंग्लंडात ट्रेव्हिथिक याने 1801 साली बाष्पगाडी रस्त्यावर आणली होती. 1830 नंतर हॅन्कॉकच्या गाड्या लंडनमध्ये उतारूंची ने-आण करू लागल्या. परंतु बॉयलर, कोळसा आणि पाणी यांचा भार खराब रस्त्यांवर वाहणे कठीण होते. त्यात जबर पथकराची व रेल्वेच्या स्पर्धेची भर पडली आणि हा उद्योग मागे पडला. पाण्यावर मात तोच भार जहाज सहज पेलत असे. आर्देशीरांनी आपल्या साधनेसाठी हेच क्षेत्र निवडले.

सागरी बाष्पयंत्रांच्या अभ्यासासाठी 1839 मध्ये ते इंग्लंडला गेले. या प्रवासाची त्यांची रोजनिशी 1840 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. 27 मे 1841 रोजी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या भारतीयाला, म्हणजे श्रीनिवास रामानुजन यांना, तो मिळावयास 1918 साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी मुंबईतील कंपनीच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. युरोपीय अभियंते व कारागीर एका भारतीयाच्या हुकमतीखाली आले. एतद्देशीयाला हे काम झेपणार नाही, अशी टीका मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रात झाली. आर्देशीरांनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. सोळा वर्षे त्यांनी ते पद सांभाळले, अमेरिकेस जाऊन लाकूड कापण्याची यंत्रे आणली आणि 1851 मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. अठरा वर्षांपूर्वी परदेशी यंत्र जोडणाऱ्या हातांनी आता ते येथेच घडविले होते. आणि त्या बोटीला नाव लाभले होते सिंगणपोरहून निघालेल्या पूर्वजाचे.

1857 मध्ये ते निवृत्त झाले. पुढे काही काळ सिंधमध्ये कोटरी येथे इंडस फ्लोटिला कंपनीचे काम पाहून ते इंग्लंडात स्थायिक झाले. 16 नोव्हेंबर 1877 रोजी रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. 1969 मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ज्या तापीकाठावरून त्यांच्या घराण्याने प्रस्थान ठेवले, तेथील आजच्या रहिवाशांनी, विशेषतः यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांनी, हे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.