गिरणीतल्या बायांची डॉक्टर

आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मंडळातर्फे मी गरोदर बायकांना रक्त तपासायला नेते. मागे एका सुनेच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन कमी होतंच, पांढऱ्या पेशीही कमी निघाल्या. पांढऱ्या पेशी घटण्याची कारणं पुष्कळ असतात, ती डॉक्टरांनीच शोधायची. हिच्या शरीरात फॉलिक ॲसिड कमी पडत होतं. ते नसलं की हाडांच्या मगजात नव्या पेशी नीट तयारच होत नाहीत, तांबड्याही नाहीत आणि पांढऱ्याही. एवढ्याशा गोळीनं काय होणार, असं सासूबाईंचं मत पडलं. मग मी त्यांना लुसी विल्सबाईंची गोष्ट सांगितली.

लुसीबाई इंग्लंडच्या, जन्म १८८८ चा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकल्या आणि पुढे १९२० साली डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईला, परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. त्या काळी गिरणीत राबणाऱ्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, कित्येकी दगावत. बाईंनी काय केलं, तर या बायकांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. गरिबाघरच्या ताटात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाहीच! तसंच खाणं त्यांनी आधी उंदरांना आणि मग माकडांना दिलं. तीही आजारली. नाना उपाय थकल्यावर एका माकडाला मार्माइट चाटवलं, आणि ते चक्क सुधारलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. औषध म्हणून तेव्हा काळजाचा अर्क चाले, पण तो महाग. मार्माइट स्वस्त.

मग ते बायकांना देऊन पाहिलं. तीन-चार दिवसांत त्यांना भूक लागू लागली, रक्त भरू लागलं. १९३१ साली बाईंनी हे छापून प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला विल्स फॅक्टर म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत ते पालकातून वेगळं काढलं आणि पानावरून त्याचं नाव फॉलिक ॲसिड पडलं. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्यांत आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

लुसीबाई १९६४ मध्ये गेल्या. लग्न केलं नाही, सायकलवरून कामाला जात.

पुढच्या तपासणीत सुनेच्या पांढऱ्या पेशी भरल्या होत्या. सासूबाई आता स्वतःच गोळीची आठवण करतात. मेथी मात्र अजून तासभर रटरटा शिजवतात, त्यात फॉलिक ॲसिड किती उरणार!